भूशास्त्राची एम.एस्सी. आणि परदेशातली स्वयंसेवा एकत्र कशी जमवायची: कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी

माळीणवर दरड कोसळली ३० जुलै २०१४ ला. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ ऑगस्टला, नेपाळमधल्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात जुरे गावाजवळ अख्खा उतार सुनकोशी नदीत आला. नदी अडली, मागे तळं झालं. दोन्हीकडे दीडशेच्या आसपास माणसं गेली. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी आमच्या सरांनी या दोन जागांचे नकाशे फळ्यावर शेजारी शेजारी लावले. खडक वेगळे, उतार वेगळे, पण पावसाचे दिवस तेच. आपण शिकतोय ते कुणाच्या तरी उपयोगी पडलं पाहिजे, हे मला त्या तासाला पहिल्यांदा जाणवलं.

पुढे तिसरं सेमिस्टर झाल्यावर मी एक वर्षाची गॅप घेतली. फेब्रुवारी ते ऑक्टोबर नेपाळच्या मधल्या डोंगरपट्ट्यात एका स्थानिक संस्थेबरोबर स्वयंसेवक म्हणून राहिले आणि आटत चाललेल्या झऱ्यांची नोंद केली. त्याच नोंदींवर माझा प्रबंध झाला. निघण्याआधीचं वर्ष मात्र चुकीच्या दारांवर थापा मारण्यात गेलं. आता ज्युनिअर मुलं-मुली विचारतात तेव्हा तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहिते.

१. आपल्यासाठी कुठली दारं उघडी आहेत ते आधी बघा

इंटरनेटवर शोधायला बसलात की पहिल्यांदा अमेरिकेच्या पीस कोअरची, म्हणजे परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या त्यांच्या सरकारी संस्थेची, ‘मास्टर्स इंटरनॅशनल’ ही योजना दिसेल. वर्षभर वर्गातला अभ्यास, मग सत्तावीस महिने परदेशात सेवा, परत येऊन प्रबंध, अशी तिची रचना होती. काही विद्यापीठांत ती भूशास्त्राला जोडलेली होती. वाचताना वाटतं, हेच तर आपल्याला हवंय. पण पीस कोअर फक्त अमेरिकी नागरिकांना घेते, आणि ही योजना २०१६ साली बंदही झाली. जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेचे स्वयंसेवकही जपानी नागरिकच असतात. मी यात दोन महिने घालवले, तुम्ही दोन मिनिटंही घालवू नका. रचना मात्र लक्षात ठेवा, ती चांगली आहे आणि आपल्याला ती स्वतःच्या हाताने उभी करता येते.

भारतीयांसाठी खुले असलेले मार्ग साधारण असे:

संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक, म्हणजे यूएनव्ही. मुख्यालय जर्मनीत बॉन इथे. १८ ते २६ वयोगटासाठी युवा स्वयंसेवक ही वेगळी श्रेणी आहे आणि राहण्या-जेवणापुरता भत्ता मिळतो. चुरस खूप असते आणि ‘भूशास्त्रज्ञ हवा’ अशी जाहिरात क्वचित दिसते. ‘आपत्ती जोखीम’, ‘जीआयएस’ (संगणकावरचं नकाशाकाम), ‘पाणीपुरवठा’ या शब्दांनी शोधा.

यूएनव्हीचंच ऑनलाइन काम. घरी बसून, बिनपगारी. सुरुवात इथून करा, कारण पुढच्या अर्जात दाखवायला हातात काहीतरी येतं. ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे सगळ्यांनी मिळून बनवलेला इंटरनेटवरचा खुला नकाशा, त्याच्या मानवतावादी गटाचं नकाशाकामही असंच आहे. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर जगभरातल्या हजारो लोकांनी उपग्रहचित्रांवरून घरं आणि वाटा आखून दिल्या. त्याला व्हिसा लागत नाही, राजारामपुरीतल्या खोलीत बसूनही ते होतं.

जिओसायंटिस्ट्स विदाउट बॉर्डर्स. अन्वेषण भूभौतिकी संस्थेचा, म्हणजे एसईजीचा, हा उपक्रम २००८ पासून चालू आहे. पाणी आणि आपत्तीसंबंधीच्या कामांना ते अनुदान देतात आणि त्यात विद्यार्थी असतात. इथे एकट्या विद्यार्थ्याने अर्ज करण्यात अर्थ नाही, तुमच्या प्राध्यापकांना पुढे करा.

चौथा मार्ग मी घेतला: एखाद्या देशातल्या स्थानिक संस्थेशी थेट बोलणं. यात मेहनत सगळ्यात जास्त लागते, पण प्रश्न आणि वेळापत्रक दोन्ही आपल्या हातात राहतं. कोल्हापूरकराला पहिल्या खेपेला मी नेपाळच सुचवेन. व्हिसा लागत नाही, लिपी आपलीच, खर्च झेपतो, आणि काठमांडूत इसिमोडसारखी संस्था १९८३ पासून हिमालयावर काम करते आहे, त्यामुळे वाचायला भरपूर मिळतं.

२. प्रश्न आधी, देश नंतर

सगळ्यात जास्त जण इथे चुकतात. ‘आधी जाऊ, विषय तिथे सापडेल’ असं म्हणून गेलेली मुलं एकतर सेवा अर्धवट सोडतात, नाहीतर प्रबंध. गावाला ज्याचं उत्तर हवंय आणि परीक्षकाला ज्यात मोजमाप दिसतं, असा एकच प्रश्न शोधायचा. दोन वेगळे प्रश्न घेऊन गेलात तर आठ महिन्यांत दोन्ही अपुरे राहतील.

माझा प्रश्न साधा होता: या वाडीचा झरा कुठल्या उतारावरच्या पावसावर जगतो? गावाला हे हवं होतं, कारण पाणी मुरवायचे चर कुठे खणायचे ते ठरवायचं होतं. प्रबंधाला हे चाललं, कारण त्यात खडकांची रचना, प्रवाह आणि पाऊस तिन्ही येत होतं.

आणि त्याची तालीम घरीच झाली. हा सल्ला मी सगळ्यात जोर देऊन सांगते. आपल्या जिल्ह्यात पन्हाळा, मसाई पठार, राधानगरी, भुदरगड या पट्ट्यात माथ्यावर जांभा आणि खाली बेसाल्ट आहे. जांभ्यात पाणी मुरतं, खालच्या चिकट मातीवर किंवा घट्ट कातळावर अडतं आणि कडेने झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. एक झरा निवडा. दर रविवारी बादली आणि घड्याळ घेऊन जा. वीस लिटरची बादली ऐंशी सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला पंधरा लिटर. तीनदा मोजा, सरासरी लिहा, आदल्या आठवड्यातला पाऊस शेजारी लिहा. एवढं तीन-चार महिने नेमाने केलंत तर तुम्हाला या कामाची आवड आहे की नुसती परदेशाची, हे स्वतःलाच कळेल. मला घरून विचारलं होतं, “अगं, दगडं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? हितं काय कमी हाईत?” प्रश्न रास्त होता. इथले दगड बघितल्याशिवाय तिथे जाऊ नये, असंच माझं आजही म्हणणं आहे.

दरडीच्या विषयात जायचं असेल तर २०२१ च्या जुलैत खचलेला पन्हाळ्याचा रस्ता आपल्या दारात आहे. माथ्यावरच्या भेगा, झुकलेली झाडं, उताराच्या पायथ्याशी अचानक फुटलेलं पाणी, हे सगळं ओळखायला तिथेच शिका.

झऱ्यांच्या कामासाठी पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम संस्थेची प्रशिक्षणं उपयोगी आहेत. हिमालयातल्या झऱ्यांवर त्यांनी मोठं काम केलंय आणि ते समजावतात ते आपल्या बेसाल्टपासून सुरू करून.

३. संस्था पारखून घ्या

स्वयंसेवेसाठी आधी आपल्याकडूनच मोठी फी मागणाऱ्या संस्था भरपूर आहेत. मला एकीने ‘जागा पक्की’ म्हणून पत्र पाठवलं आणि लगेच पैशांची मागणी केली. काम काय, कुठल्या गावात, देखरेख कुणाची, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तीन महिने मेल चालले, हाती काही लागलं नाही. राहण्या-जेवणाचा खर्च आपण उचलणं वेगळं आणि ‘प्लेसमेंट’ विकत घेणं वेगळं.

विचारा: संस्था त्या देशात नोंदलेली आहे का? (नेपाळमध्ये जिल्हा प्रशासन कार्यालयाची नोंदणी आणि समाजकल्याण परिषदेशी संलग्नता बघतात.) ज्या गावात पाठवणार तिथे त्यांचं काम किती वर्षं चालू आहे? तुम्ही निघून गेल्यावर तुमचं काम पुढे कोण चालवणार? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस सविस्तर बोलायला लागला, गावातल्या कुणाचं तरी नाव घेऊन बोलला, तर संस्था बरी आहे असं समजा. माझ्या संस्थेच्या ताईंनी त्या कॉलवर वीस मिनिटं फक्त तेच सांगितलं.

४. विद्यापीठाकडून सगळं लेखी घ्या

तीन प्रकारे जमतं. चौथ्या सेमिस्टरचा संशोधन प्रकल्प परदेशात करणं, यात चार-पाच महिने मिळतात. मधे गॅप घेणं, यात वर्ष मिळतं. किंवा पदवी पूर्ण करून, पीएच.डी.च्या आधी जाणं. झऱ्यांच्या कामाला पहिला प्रकार अपुरा पडतो, कारण सगळ्यात कमी प्रवाह मार्च ते मेमध्ये असतो आणि पावसाचा परिणाम सप्टेंबरपर्यंत बघावा लागतो. दरडींच्या नकाशाकामाला, विशेषतः बरंचसं उपग्रहचित्रांवर करणार असाल तर, तो पुरतो.

गॅप घेणार असाल तर विभागप्रमुखांना भेटण्याआधी एक पानाचा आराखडा तयार ठेवा: प्रश्न, जागा, महिने, मोजमापं, तिथला मार्गदर्शक, इथला मार्गदर्शक. नुसतं ‘समाजसेवेला जायचंय’ म्हणून गेलात तर मायेने परत पाठवतील.

मग या गोष्टी लेखी मागा.

गॅपची परवानगी आणि परत प्रवेश कुठल्या तारखेला, हे एकाच पत्रात असू द्या. पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत मोजताना गॅपचं वर्ष धरतात का, हेही त्यात हवं. अभ्यासक्रम बदलला तर तुम्हाला जुना लागू की नवा, हे विचारायला कुणी सुचवत नाही. माझ्या बाबतीत नेमका त्याच वर्षी बदलला आणि परत आल्यावर एका पेपरची समकक्षता मिळवण्यात दीड महिना गेला. प्रवेशाआधीच एका ओळीचं पत्र असतं तर हे टळलं असतं.

दोन मार्गदर्शक असणार, तर प्रबंधावर दोघांची नावं कशी येणार ते आधी ठरवा. आणि विद्यापीठ, संस्था आणि तुम्ही असं तिघांच्या सह्यांचं एक साधं पत्र करा. कामाचे महिने, अपघात झाल्यास जबाबदारी, नोंदींवर हक्क कुणाचा, एवढं त्यात पुरे.

परीक्षेचे फॉर्म ऑनलाइन भरायची मुदत तुम्ही डोंगरात असताना येऊन जाते. बॅकलॉग असेल तर वर्गातल्या एका विश्वासू मित्राला लॉगिन आणि फीचे पैसे देऊन निघा.

शिष्यवृत्तीबद्दल एक गैरसमज वारंवार भेटतो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठात पदवी घेण्यासाठी आहे, स्वयंसेवेसाठी नाही. परदेशातच एम.एस्सी. करायची असेल आणि पात्र असाल तर जरूर अर्ज करा, पण तो रस्ता वेगळा.

५. कागदपत्रं

निघण्याच्या सहा महिने आधी ही फाइल पूर्ण हवी:

- पासपोर्ट, निदान वर्षभर मुदत शिल्लक असलेला. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळला वर २००० रुपये
- पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरूनच अर्ज होतो
- बोनाफाइड, गुणपत्रिका, गॅपचं परवानगीपत्र, तिघांच्या सह्यांचं पत्र
- संस्थेचं निमंत्रणपत्र. त्यात तारखा, गाव, कामाचं स्वरूप आणि राहण्याची सोय लिहिलेली असावी
- आरोग्य विमा, हेलिकॉप्टरने हलवण्याच्या खर्चासह
- लसीकरणाचं कार्ड
- या सगळ्याच्या स्कॅन प्रती, घरी एकाकडे आणि स्वतःच्या मेलवर

काही सापळे. नेपाळला जाताना ओळख म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डावर तुमच्या-माझ्या वयाच्या माणसाला विमानात बसू देत नाहीत. सुनौलीच्या सीमेवरून बसने जाणार असाल तरी पासपोर्टच जवळ ठेवा.

दुसऱ्या देशात जाणार असाल तर पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करू नका. ‘सगळे तसंच करतात’ असं संस्था म्हणाली तर ती संस्थाच सोडा. प्रमाणपत्रांवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) लागेल का ते त्या देशावर ठरतं. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, पण समोरचा देश नसेल तर त्यांच्या दूतावासाचा शिक्का घ्यावा लागतो, आणि मंत्रालयातल्या साक्षांकनासाठी मुंबईची एक खेप होते.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशात जायचं तर लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी हवी. ती कोल्हापुरात कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, पुण्याच्या किंवा मुंबईच्या अधिकृत केंद्रावर वेळ घ्यावी लागते. या लसीचं पिवळं कार्ड आता आयुष्यभर चालतं. ते नसेल तर अडचण तिकडे जाताना येते तशी भारतात परतताना जास्त येते.

६. सामान

हातोडा, दहापटीचं भिंग, क्लायनोमीटर कंपास (दिशा आणि उताराचा कोन मोजायला), पन्नास मीटरचा टेप, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायला), पाण्यात न फुटणारी वही, पेन्सिली. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवर घेऊन ठेवा. सेंटिनेल उपग्रहाची चित्रं आणि ३० मीटरचा उंचीचा डेटा इथूनच उतरवून न्या, डोंगरात नेट मिळेल या भरवशावर राहू नका.

हातोडा चेक-इनच्या बॅगेत. हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली विमानात अजिबात नाही, चुनखडी तपासायला तिथेच थोडं मिळवा. आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण कुणी भेट दिलं तरी ते घेऊन भारतात परतू नका. परवान्याशिवाय ते जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि विमानतळावर लोकांना त्यासाठी अडवलेलं आहे. टांझानिया, मादागास्कर अशा विषुववृत्ताखालच्या देशात जाणाऱ्यांनी कंपासची सुई त्या भागासाठी तोललेली आहे का ते तपासावं, नाहीतर ती एका बाजूने झुकून काचेला घासते आणि दिशेच्या नोंदी चुकतात.

७. तिथे गेल्यावर पहिला महिना

पहिला महिना मोजमाप कमी आणि ऐकणं जास्त. पाण्यावर बायका येतात, तिथे बसा. कुठला झरा कधीपासून बारीक झाला, भूकंपानंतर कुठला जागा सोडून खाली सरकला, हे त्यांना माहीत असतं. भूकंपात खडकातल्या भेगा उघडतात किंवा बुजतात आणि पाण्याच्या वाटा बदलतात. पुस्तकात मी हे एका परिच्छेदात वाचलं होतं. त्या गावात एका आमांनी, म्हणजे वयस्कर बाईंनी, मला पाच जागा चालत दाखवल्या.

भाषा जवळची आहे म्हणून गाफील राहू नका. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे बा म्हणाले, “मूल सुक्यो.” मी क्षणभर गोठले. नेपाळीत ‘मूल’ म्हणजे झऱ्याचा उगम. त्यांचा उगम आटला होता. त्या दिवसापासून मी शब्दांची वही ठेवली: पहिरो म्हणजे दरड, खोला म्हणजे ओढा, डाँडा म्हणजे डोंगराची धार, पँधेरो म्हणजे पाणवठा. हे शब्द वाड्यांच्या नावांतही असतात, आणि ‘पहिरो’ नावात असलेली वाडी नकाशावर आधी खूण करून ठेवावी.

तारखांचा घोळ तर नक्की होतो. तिथे विक्रम संवत चालतो, म्हणजे २०१५ चा भूकंप त्यांच्या २०७२ सालातला. महिन्यांची नावं आपल्या ओळखीची, पण महिने सौर. त्यांचा साउन जुलैच्या मध्यावर लागतो, आपल्या श्रावणाशी तो जुळत नाही. गावातल्या मुलाने माझ्यासाठी ठेवलेल्या पावसाच्या नोंदी मी सुरुवातीला आपल्या हिशेबाने वाचल्या आणि प्रवाहाचा आलेख पावसाच्या आधीच चढताना दिसायला लागला. वहीत दोन्ही तारखांचे दोन रकाने पहिल्या दिवसापासून आखा. दसैंच्या, म्हणजे त्यांच्या दसऱ्याच्या, सुट्टीत सरकारी कचेऱ्या बंद असतात, नकाशा किंवा परवानगी हवी असेल ती त्याआधी.

खडकांचे नमुने भारतात आणायचे असतील तर खाणी आणि भूगर्भ विभागाकडे आधी विचारा. मी पातळ छेद, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या खडकाच्या चकत्या, तिथेच करून घेतले.

एका गोष्टीत मात्र अतिशय सावध राहा. पावसाळ्यात लोक विचारतील, “हा डोंगर येणार का?” तुम्ही भेग बघितलेली असते, उत्तर द्यावंसं वाटतं. विद्यार्थ्याने एकट्याने असं विधान करू नये. घर सोडून जा म्हणणं आणि खुशाल राहा म्हणणं, दोन्ही कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं. माझ्या वाडीच्या वर एक भेग होती. तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून मी रोज अंतर मोजायला लागले, फोटो आणि आकडे संस्थेमार्फत गाउँपालिकेला, म्हणजे तिथल्या ग्रामीण स्थानिक प्रशासनाला, दिले, आणि निर्णय त्यांनी घेतला. अकरा कुटुंबं ऑगस्टभर शाळेत राहिली. डोंगर आला नाही. सप्टेंबरात ती घरी गेली तेव्हा कुणीही मला बोल लावला नाही, हे मी विसरलेले नाही.

८. निघताना आणि परतल्यावर

निघण्याआधीचे तीन आठवडे हस्तांतरासाठी राखून ठेवा. नकाशा त्यांच्या भाषेत, मोठ्या अक्षरात छापून शाळेच्या किंवा वडा (प्रभाग) कार्यालयाच्या भिंतीवर लावा. बादली आणि घड्याळ गावातल्या कुणाच्या तरी हातात द्या. त्यांना निदान चार वेळा तुमच्यासमोर मोजू द्या. मूळ नोंदवही तिथेच ठेवा, फोटो तुम्ही घेऊन या. घरांची आणि माणसांची नावं प्रबंधात घालायची तर त्यांना विचारून.

परतल्याच्या आठवड्यातच विद्यापीठात हजर होऊन परत प्रवेशाचा अर्ज द्या, प्रवासाचा शीण उतरायची वाट बघू नका. संस्थेचं कामाचं प्रमाणपत्र तारखांसकट जोडा. तोंडी परीक्षेत ‘यात सेवा किती आणि संशोधन किती’ असा प्रश्न येतो. मी बाह्य परीक्षकांसमोर वाडीच्या भिंतीवर लावलेला नकाशा ठेवला आणि चर कुठे खणले ते बोटाने दाखवलं.

प्रबंध जमा केल्यावर त्यातल्या निष्कर्षांची दोन पानं सोप्या नेपाळीत करून पाठवायची राहिली होती, ती मी संस्थेच्या ताईंकडून तपासून घेऊन मे महिन्यात पाठवली. झरा मोजणारा मुलगा अजून दर शनिवारी आकडा पाठवतो. मागच्या शनिवारी मिनिटाला नऊ लिटर होता.